घोटा मुरगळणे (खेळाडूंमधील)

उडी मारून उतरताना किंवा धावता धावता एकाएकी दिशा बदलताना पाऊल आत वळून घोट्याच्या अस्थिबंधांना (हाडे एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांना) होणारी इजा. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉल, खो-खो या खेळांत ती नेहमीची. कबड्डीत तर बचावपटू चढाईपटूचा घोटाच धरतात आणि सुटण्याच्या झटापटीत तो पिळवटतो.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा सर्वांत कमकुवत, त्यामुळे बहुधा तोच आधी ताणतो किंवा फाटतो. आतल्या बाजूचा त्रिकोणी अस्थिबंध दणकट असतो. तिथे दुखापत झाली तर हाड मोडल्याची शंका घ्यावी.

ही दुखापत किरकोळ समजली जाते, पण १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे बांगलादेशाविरुद्ध स्वतःच्या गोलंदाजीवरचा फटका पायाने अडवताना हार्दिक पंड्याचा डावा घोटा दुखावला आणि त्याचा विश्वचषक तिथेच संपला. त्या षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले.

एक्स-रे केव्हा काढावा, यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्हींपैकी कोणत्याही उंचवट्याच्या टोकाशी किंवा मागच्या कडेवर ६ सेंमी.पर्यंत हाड दाबल्यावर दुखत असेल, अथवा इजा झाल्याबरोबर आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. पावलाच्या मधल्या भागासाठी निकष वेगळे आहेत.

पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज बांधून पाय उंचावर ठेवतात. बर्फाने वेदना कमी होते. आपल्याकडे मैदानावरच घोटा चोळून, ओढून ‘मोकळा’ करण्याची सवय अजून गेलेली नाही. त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते, म्हणून ती सोडलीच पाहिजे. हाड शाबूत असेल तर अस्थिबंध पूर्ण फाटला तरी बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही. दीर्घकाळ प्लास्टरमध्ये ठेवण्यापेक्षा आधार देऊन लवकर हालचाल सुरू करणे हिताचे ठरते.

खरे दुर्लक्ष होते ते सूज उतरल्यावर. पाऊल कोणत्या कोनात आहे, याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोके अस्थिबंधांत असतात. इजेनंतर ही जाणीव मंदावते आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून तेच करणे, डगमगत्या फळीवर तोल सांभाळणे, या व्यायामांनी ती सुधारते. दुखऱ्या पायावर वेदनेशिवाय उड्या मारता आणि वळणे घेत धावता आल्यावरच खेळाडूला मैदानात उतरवावे. पुढचे काही महिने टेप किंवा ब्रेस वापरल्यास घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो.