प्रत्यारोपण-नेफ्रॉलॉजिस्ट

मूत्रपिंड बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर रुग्णाची जबाबदारी वाहणारा वैद्य. शस्त्रक्रिया करतो तो सर्जन. पण बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत दोघेही सरसकट ‘किडनीचे डॉक्टर’.

एम.बी.बी.एस., एम.डी. आणि डी.एम. असे इंटर्नशिप धरून साडेअकरा वर्षांचे हे शिक्षण. पहिला टप्पा बडोद्यातच, सयाजीराव रुग्णालयाला जोडलेल्या १९४९ च्या वैद्यकीय महाविद्यालयात पुरा करता येतो.

१९५४ साली बॉस्टनमध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून शरीराने परके मूत्रपिंड झिडकारण्याचा प्रश्नच आला नाही. इतरांच्या बाबतीत तो जन्मभर पाठ सोडत नाही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या नेहमीच्या गोळ्या. मात्रा कमी पडली तर शरीर नव्या अवयवावर उलटते. जास्त झाली तर जंतुसंसर्ग, शिवाय टॅक्रोलिमस मूत्रपिंडालाच बाधते. म्हणून रक्तातली पातळी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी तपासतात. जुने रुग्ण गोळी खिशात ठेवूनच येतात आणि रक्त दिले की तिथेच घेतात. पपनस मात्र कायमचे बंद, कारण त्याने औषधाची पातळी चढते.

गुजरातेत उपचार, संशोधन आणि संस्था-उभारणी एका माणसात पाहायची तर हरगोविंद त्रिवेदी यांचे नाव घ्यावे लागते. कॅनडातली प्रॅक्टिस सोडून ते अहमदाबादला परतले आणि तिथे मूत्रपिंडविकारांची मोठी संस्था उभी केली. दात्याच्या मूळपेशी रुग्णाला देऊन गोळ्यांचा भार हलका करता येईल का, हा त्यांचा ध्यास. तो उपाय अजून नित्याचा झालेला नाही. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्यारोपणशास्त्राला वाहिलेले राज्य विद्यापीठही अहमदाबादेतच आहे.

या पेशातला सर्वांत नाजूक भाग कागदावर दिसत नाही. १९९४ च्या कायद्याने अवयवविक्री गुन्हा ठरली, जवळच्या नातलगांना दान करण्याची मुभा राहिली. भारतात जिवंत दात्यांत बायकांचे प्रमाण मोठे. आई नाहीतर बायको पुढे होते, क्वचित केली जाते. म्हणून दात्याशी नातेवाइकांना बाहेर बसवून बोलायचे असते. तिचे मन नसेल तर ‘वैद्यकीयदृष्ट्या जुळत नाही’ एवढेच घरच्यांना सांगण्याची रीत अनेक डॉक्टर पाळतात. नीतिशास्त्राचे अभ्यासक या रीतीवर वाद घालतात, पण सासरी परतायचे असते त्या बाईलाच.