मिरचीनं पोपट बोलत नसतोय ओ
आमच्या सोलापुरात अजून पण म्हणतेत, पोपटाला हिरवी मिरची चारा, जीभ सुटते, लवकर बोलतोय. तसलं काही नसतंय. तिखटातलं कॅप्सेसिन पक्ष्यांना झोंबतच नाही, म्हणून मजेत खातोय, एवढंच. आवाज छातीत, श्वासनळीच्या तळाशी सिरिंक्स नावाचा अवयव असतो तिथून निघतोय आणि शब्द तो ऐकून ऐकून शिकतो, म्हणजे तुम्ही रोज त्याच्याशी किती बोलता त्यावर सगळं. शेंगाचटणी मात्र नको हं, मीठ बाधतं. कागदात बाजरी गुंडाळून द्या, फाडत बसतो, रमतो, आणि उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका. हे कॉकाटील, बजी असल्या परदेशी पाळीव पोपटांबद्दल बरं का, आपला रानातला हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.