उजाड खाजणासाठी शासनाची मदत: ग्रामसभेच्या ठरावापासून कांदळवन कक्षापर्यंत

खाडीकाठचे खाजण, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यावर कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) वाढते ती दलदल, उजाड पडले की गावातून पहिली मागणी होते ती रोपांची. ग्रामपंचायत पत्र देते, रोपे येतात, एका सकाळी शाळेची मुले ती चिखलात रोवतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातली बरीचशी गेलेली असतात. खाजण मरते ते बहुतेक वेळा पाणी अडल्यामुळे. पाण्याची वाट तशीच बंद राहिली तर नवी रोपेही त्याच कारणाने मरतात. म्हणून महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील गावांनी मदत कुठे आणि कशी मागायची, हे सांगताना मी सुरुवात अर्जाच्या आधीच्या कामापासून करतो. ते काम नीट झाले की अर्जाला वजन येते.

पाणी कुठे अडले?

अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला खाजणात जा. सोबत खाडीत मासेमारी करणारा एखादा जाणता माणूस आणि चिंबोऱ्या, तिसऱ्या काढणाऱ्या दोघी-तिघी बाया घ्या. भरतीचे पाणी पूर्वी कुठवर यायचे आणि आता कुठे थांबते, हे त्यांना पाठ असते. पुष्कळ ठिकाणी दोष एका रस्त्यात सापडतो. भराव टाकून रस्ता केलेला असतो, पाण्यासाठी खाली एकच पाइप ठेवलेला असतो आणि तो गाळाने अर्धा भरलेला असतो. पाइपाच्या खाडीकडच्या बाजूला तिवर (कांदळवनातले एक झाड) हिरवीगार, गावाकडच्या बाजूला तिच्याच वयाची झाडे पांढरी पडलेली. वाकून पाहिले तर चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळे साचलेल्या पाण्याखाली किंवा राडारोड्याखाली गेलेली दिसतात. तिवर या मुळांनी हवा घेते. ती दिवसचे दिवस बुडून राहिली की झाड गुदमरते.

याच जागेचे दोन फोटो काढा, एक भर भरतीला आणि एक ओहोटीला, दोन्ही एकाच ठिकाणी उभे राहून. तारीख, वेळ आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. अर्जासोबतच्या सगळ्या कागदांत या जोडफोटोंइतका बोलका कागद दुसरा नाही. साहेब जागेवर येण्यापूर्वीच त्यांना प्रश्न कळलेला असतो.

भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखल मात्र 'उजाड' म्हणून अर्जात घालू नका. तिथे तुतवारांसारखे किनारपक्षी चरतात, बाया शिवल्या-तिसऱ्या काढतात. ती जागा मुळातच झाडांची नसते. तिथे लागवड केली तर झाडे जगत नाहीत, आणि जगली तर त्या बायांचे पोट जाते.

जमीन कोणाच्या नावावर?

पाणी समजले की गटक्रमांक काढा. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, पण अर्जाला डिजिटल स्वाक्षरीचा किंवा तलाठ्याच्या सहीचा उतारा जोडावा. गटाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा. खाडीकाठची जमीन महसूल विभागाची असू शकते, वन विभागाची असू शकते, मिठागराची असू शकते, बंदर किंवा एखाद्या विकास प्राधिकरणाच्या ताब्यातली असू शकते, खासगीही असू शकते. प्रस्ताव कोणाकडे जाणार हे यावर ठरते. मालकी न पाहता पाठवलेले अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतात.

सर्वांत नाजूक प्रकरण खारजमिनीचे, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचे. रायगडमध्ये, विशेषतः पेण-अलिबागच्या पट्ट्यात, खारबंदिस्तीला, म्हणजे या बांधांना, खांडी पडून भातशेतीत खारे पाणी शिरले आणि काही वर्षांत तिथे तिवर उगवली. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पीक मात्र कांदळवनाचे. मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी अंतरिम आदेशाने कांदळवन तोडीला बंदी घातली आणि 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने ती कायम केली. ही बंदी खासगी जमिनीलाही लागू आहे. शेतकऱ्याला बांध दुरुस्त हवा असतो, गावातल्या दुसऱ्या गटाला कांदळवन हवे असते, आणि दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे असते. बांध आणि उघाड्या (बांधातून पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) यांचे काम महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम 1979 खाली खारभूमी यंत्रणा पाहते, कांदळवनाचे काम वन विभाग. अशा जमिनीच्या गटाचा समावेश करायचा असेल तर शेतकऱ्याची लेखी संमती घ्या, आणि ती घेण्यापूर्वी कोणती उघाडी उघडी राहणार, कोणता बांध जाग्यावर राहणार, हे त्याला नकाशावर दाखवा. संमतीशिवाय पुढे गेलेला प्रस्ताव पहिल्याच पाहणीत भांडणात अडकतो, आणि अडकायलाच हवा, कारण पीक बुडालेल्या माणसाला डावलून केलेले संवर्धन गावात टिकत नाही.

कोणता कायदा लागू?

इथे अनेकांची गल्लत होते. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम 2017 मधून सागर किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) येणाऱ्या पाणथळ जागा वगळल्या आहेत. म्हणजे भरतीच्या पाण्याखालचे खाजण साधारणपणे त्या नियमांत बसत नाही. त्याला सागर किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू होते, जुनी 2011 ची आणि तिच्या जागी आलेली 18 जानेवारी 2019 ची. कांदळवन सीआरझेड 1अ या सर्वांत कडक वर्गात मोडते. तुमचा गट कोणत्या वर्गात आहे हे किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर पाहून अर्जात तसे लिहा.

ठराव आणि समिती

कांदळवनाशी संबंधित मदतीचा गाभा आहे कांदळवन सहव्यवस्थापन समिती. राज्य शासनाने 2012 मध्ये वन विभागांतर्गत कांदळवन कक्ष स्थापन केला आणि 20 सप्टेंबर 2017 च्या शासन निर्णयाने कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. ज्या गावाच्या हद्दीत कांदळवन आहे तिथे ही समिती होते, आणि तिच्यामार्फत गावाचे सूक्ष्म नियोजन होते.

समितीसाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती. उपस्थितीच्या सह्या नीट घ्या, कारण विरोधकाने पहिला आक्षेप इथेच घेतलेला असतो. ठरावात गटक्रमांक, अंदाजे क्षेत्र, कामाचे स्वरूप आणि समितीच्या सदस्यांची नावे स्पष्ट असावीत. 'कांदळवन संवर्धनास मंजुरी देण्यात येत आहे' एवढ्या एका ओळीच्या ठरावाचा फारसा उपयोग होत नाही. खाजणात रोज उतरणाऱ्या बायांना समितीत घ्या, नुसत्या सहीपुरत्या नव्हे. हेच काम ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यातही घालावे, म्हणजे नाला मोकळा करणे, कचरा उचलणे यासाठी पंचायतीला स्वतःचा निधी खर्च करता येतो. नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत ग्रामसभा नसते, तिथे सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा लागतो.

गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिचीही मदत घ्या. जैविक विविधता अधिनियम 2002 खाली प्रत्येक स्थानिक संस्थेत ती असणे अपेक्षित आहे. लोक जैवविविधता नोंदवहीत तुमच्या खाजणातली तिवर, कांदळ, पांढरी चिप्पी, काजळा, मारांडी, तिथले मासे आणि पक्षी यांची नोंद झालेली असेल तर त्या पानांच्या प्रती जोडा.

मदत कोणती मिळते?

उपजीविका योजनेत खेकडापालन, पिंजऱ्यातले जिताडा माशाचे पालन, कालवे आणि शिंपले यांची शेती, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे उद्योग येतात. गटाच्या प्रकल्पाला 90 टक्के शासनाचे आणि 10 टक्के गटाचे, वैयक्तिक प्रकल्पाला 75 टक्के शासनाचे आणि 25 टक्के लाभार्थ्याचे, अशी खर्चाची विभागणी आहे. त्यामुळे बचतगट म्हणून जाणे फायद्याचे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या महिला कांदळवन सफर चालवतात. होडी त्याच वल्हवतात, झाडांची ओळखही त्याच करून देतात. त्यांच्यासारखा एखादा उद्योग उभा राहिला की खाजणात राडारोडा टाकायला आलेली गाडी गावच अडवते.

पुनर्स्थापनेच्या कामाचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. केंद्राचा 'मिष्टी' उपक्रम 5 जून 2023 रोजी सुरू झाला. 9 राज्ये आणि 4 केंद्रशासित प्रदेशांत मिळून सुमारे 540 चौरस किलोमीटर कांदळवनाची वाढ व पुनर्स्थापना हे त्याचे उद्दिष्ट. यात गाव थेट अर्ज करत नाही, प्रस्ताव राज्याचा वन विभाग करतो. तुमच्या हातात आहे ते आपली जागा त्या प्रस्तावात यावी म्हणून ठराव, नकाशा आणि फोटो वेळेवर पोहोचवणे.

अर्जासोबत काय जोडावे?

अर्ज कांदळवन कक्षाच्या तुमच्या भागातील वनक्षेत्रपालांच्या नावे, ग्रामपंचायतीच्या जावक क्रमांकासह द्या आणि पोच घ्या. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रमाणित प्रत, समितीची सदस्य यादी, सातबारा व गटनकाशा, ज्या नकाशावर पाण्याची जुनी वाट, अडथळा आणि उजाड क्षेत्र हाताने रंगवून दाखवले आहे तो नकाशा, जोडफोटो, आणि खासगी गट असल्यास मालकांच्या संमत्या. सहहिस्सेदार मुंबईला असतील तर त्यांच्या सह्या गणपतीत किंवा शिमग्याला गावी येतात तेव्हाच घेऊन ठेवा. उपजीविकेच्या अर्जासाठी गटाचे नोंदणी प्रमाणपत्र, गटाच्या बँक पासबुकाची प्रत, सदस्यांचे आधार आणि रहिवासी दाखले तयार ठेवा. नावाचे स्पेलिंग आधारवर एक आणि पासबुकावर दुसरे असले तर अनुदान बँकेत येऊन थांबते. ते आधीच दुरुस्त करा.

अर्जाच्या मजकुरात 'रोपे मिळावीत' याच्या आधी 'अमुक गटाजवळील मोरी रुंद करून भरतीचा प्रवाह पूर्ववत करावा' असे लिहा. प्रवाह आला की जवळपास मोठी झाडे असतील तर पावसाळ्यात पिकलेल्या शेंगा आणि फळे पाण्याबरोबर येऊन आपसूक रुजतात. जिथे बी पोहोचतच नाही तिथेच लागवड मागावी, आणि तीही त्याच खाडीतल्या जातींची.

स्वतःहून जेसीबी लावू नका

उत्साहाच्या भरात हे फार होते. हेतू चांगला असला तरी कांदळवनात आणि त्याच्या भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यात भराव, खोदाई, बांधकाम यांवर कडक निर्बंध आहेत. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी कांदळवन तोडायचे तरी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. प्लास्टिक आणि कचरा हाताने काढण्याच्या मोहिमेसाठीही वनक्षेत्रपालांना आधी पत्र द्या. मोरी, नाला, बांध यांचे काम लेखी परवानगी हातात आल्यावरच, आणि शक्यतो वन विभागाच्याच माणसांच्या देखरेखीखाली.

उत्तर आले नाही तर

पोच घेतलेल्या अर्जाचे काय झाले हे माहितीच्या अधिकारात विचारता येते, उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. 'माझ्या अर्जावर कार्यवाही का नाही' असे विचारण्यापेक्षा 'अर्जावरील टिपणीच्या आणि स्थळपाहणी अहवालाच्या प्रती द्याव्यात' असे मागा, म्हणजे फाइल नेमकी कुठे आहे ते कळते. खाजणात भराव चालू असेल तर त्या तक्रारीला वेगळी वाट आहे. तहसीलदार आणि वन विभाग यांना एकाच दिवशी लेखी कळवा, फोटो जोडा आणि प्रत कोकण विभागीय आयुक्तांना पाठवा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली कांदळवन समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली काम करते. पुनर्स्थापनेचा अर्ज आणि भरावाची तक्रार एकाच कागदावर मात्र लिहू नका. दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर जातात, आणि एकत्र लिहिल्या की दोन्ही मागे पडतात.