जिम क्लार्क त्या रविवारी हॉकेनहाइमला का होता?

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतल्या हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या वर्गातली शर्यत होती. फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. त्या शर्यतीत जिम क्लार्कचा जीव गेला. वय अवघं ३२. एवढा मोठा ड्रायव्हर आणि असल्या किरकोळ शर्यतीत गेला, ही हळहळ तेव्हापासून थांबलेली नाही. आपल्याकडे क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याच्या क्लब सामन्यात गेला तेव्हा लोक असेच हळहळले होते. पण क्लार्क तिथे का होता हे समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

क्लार्क स्कॉटलंडचा, शेतकऱ्याच्या घरचा, चार बहिणींच्या पाठीवरचा एकुलता एक मुलगा. चर्नसाइडला त्याच्या थडग्यावर ‘शेतकरी’ आधी कोरलंय, विश्वविजेता त्यानंतर. १९६० ते १९६८ फॉर्म्युला वनमध्ये तो एकाच संघाकडून खेळला, कॉलिन चॅपमनच्या लोटसकडून. ७२ शर्यती, २५ विजय, ३३ वेळा पहिल्या जागेवरून सुरुवात. १९६३ आणि १९६५ ची विश्वविजेतेपदं. १९६५ मध्ये तर तो मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत सोडून अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला आणि २०० पैकी १९० फेऱ्या आघाडीवर राहून ती शर्यत जिंकून आला.

माझ्या मते मात्र त्याची सगळ्यात मोठी शर्यत त्याने हरलेली आहे. १९६७, इटलीतलं मोन्झा. टायर बसला, तो बदलायला पिटमध्ये (दुरुस्तीच्या जागेत) जावं लागलं, तोवर अख्खी फेरी मागे पडला. मग एकेकाला गाठत त्याने ती फेरी भरून काढली आणि पुन्हा पहिला नंबर घेतला. शेवटच्या फेरीत इंजिनाला पेट्रोल पुरेना, म्हणून तिसरा आला.

१ जानेवारी १९६८ ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला तो पंचविसावी शर्यत जिंकला आणि अर्जेंटिनाच्या फँजिओचा २४ विजयांचा विक्रम मोडला. पुढची ग्रां प्री, म्हणजे विश्वविजेतेपदासाठी धरली जाणारी शर्यत, थेट मे महिन्यात होती. मधल्या काळात ड्रायव्हर घरी बसत नसत. त्या काळी या धंद्यातला पैसा बराचसा हजेरीचा असायचा. मोठं नाव आलं की गर्दी होते, म्हणून आयोजक शर्यतीत नुसतं उतरण्याचे पैसे देत. टायर आणि तेल कंपन्यांचे करार वेगळे, आणि संघाने शब्द दिला असेल तिथे जावंच लागे. ७ एप्रिललाच इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचला फोर्डची नवी स्पोर्ट्स कार चालवण्याचाही विषय निघाला होता, पण लोटसचं हॉकेनहाइम ठरलं होतं. फॉर्म्युला टूच्या युरोपियन स्पर्धेत नामवंत ड्रायव्हरांना गुणसुद्धा मिळत नसत. म्हणजे क्लार्क जिंकला असता तरी गुणतक्त्यात त्याचं नाव आलं नसतं.

गाडी १६०० सीसीची, लोटस ४८. हवा ओलसर, गाडी मनासारखी चालत नव्हती आणि तो आठव्या नंबरवर होता. हॉकेनहाइम तेव्हा जंगलातून जायचं: लांबच लांब सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये कठडा नाही. पाचव्या फेरीत ताशी २०० किमीच्या वर वेग असताना गाडीचा मागचा भाग हलू लागला, ती रस्ता सोडून झाडांवर आदळली. आजूबाजूला दुसरी गाडी नव्हती. मागच्या टायरमधली हवा हळूहळू गेली असावी, हाच निष्कर्ष बहुतेकांनी मान्य केला. क्लार्कच्या हातून चूक झाली यावर त्याच्याबरोबरच्यांचा विश्वास बसलाच नाही. हा तर टायर जपून चालवणारा माणूस. याच्यावर ही वेळ येते तर आपलं काय, ही भीती सगळ्यांच्या मनात बसली.

आणि ते वर्षच तसं निघालं. बरोबर महिन्याने, ७ मे रोजी, इंडियानापोलिसला सरावात माइक स्पेन्स गेला. क्लार्कच्या जागी लोटसने त्याचीच निवड केली होती. ८ जूनला डोंगरावरच्या शर्यतीच्या सरावात लुडोविको स्कार्फिओत्ती, ७ जुलैला फ्रेंच ग्रां प्रीत जो श्लेसेर. चार महिन्यांत चार जण. खचलेल्या लोटसला त्यांच्याच दुसऱ्या ड्रायव्हरने, ग्रॅहम हिलने सावरलं. स्पेन आणि मोनॅको लागोपाठ जिंकून त्या वर्षीचं विश्वविजेतेपदही त्यानेच मिळवलं.

म्हणून ‘किरकोळ शर्यत’ हा शब्द मला खटकतो. बक्षीस लहान होतं, वेग लहान नव्हता, आणि झाडं तर तीच होती. क्लार्कचा मित्र जॅकी स्टुअर्ट १९६६ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला स्वतः अपघातात सापडल्यापासून हेच सांगत होता: कठडे घाला, डॉक्टरांची सोय करा. पुष्कळांना ते भित्रेपणाचं वाटायचं. क्लार्क गेल्यावर तसं म्हणणं अवघड झालं. १९६९ ची बेल्जियन ग्रां प्री सुरक्षेच्याच वादात रद्द झाली. १९७० मध्ये ड्रायव्हरांनी जर्मनीतल्याच न्युर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर उतरायला नकार दिला, तेव्हा जर्मन ग्रां प्री हॉकेनहाइमला आली. तोवर तिथे कठडे लागले होते आणि सरळ रस्त्यांवर वेग मोडणारी वळणं घातली होती. पुढे त्यातल्या एका वळणाला क्लार्कचं नाव मिळालं. ती शर्यत लोटसच्याच योखेन रिंटने जिंकली. पाच आठवड्यांनी मोन्झाच्या सरावात तो कठड्यावर आदळून गेला; तिथे कठडा होता, पण धक्क्याने कठड्याचाच सांधा सुटला.