‘तुमचंही सरेल’: मंगोल सत्ता आणि फारसी सूफी कविता

रूमी आणि हाफिज यांच्या तुलनेत सैफ फर्गानीचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. पण परक्या सत्तेला फारसी सूफी कवितेनं काय उत्तर दिलं, हे पाहायचं तर मला आधी त्याच्याकडेच जावंसं वाटतं.

मंगोल चंगीझखानाच्या फौजा १२१९ मध्ये मध्य आशिया आणि इराणवर पसरलेल्या ख्वारज्मच्या राज्यात घुसल्या. दोन वर्षांत इराणमधलं निशापूर शहर बेचिराख झालं. ‘मंतिक-उत-तैर’ या सूफी काव्याचा कवी अत्तार तिथल्याच कत्तलीत गेला, असं परंपरा सांगते. ख्वारज्मचं शहर गुरगंज पडलं तेव्हा सूफी गुरू नज्मुद्दीन कुब्रा मारले गेले. १२४३ मध्ये अनातोलियाचे (आजच्या तुर्कस्तानातले) सेल्जुक राजे मंगोलांचे मांडलिक झाले, १२५८ मध्ये बगदादची खिलाफत बुडाली. शिराझच्या सादीनं खलिफासाठी शोककाव्य लिहिलं, तेही शिराझचे राज्यकर्ते मंगोलांना खंडणी देत असताना.

फर्गानी मूळचा मध्य आशियातल्या फर्गाना भागातला. पुढे तो अनातोलियातल्या अक्सराय इथे राहिला आणि तिथल्याच खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, वारला. त्या काळी कवीचं पोट राजस्तुतीच्या कसीद्यावर, म्हणजे लांबलचक स्तुतिकाव्यावर, चाले. यानं ती वाट नाकारली आणि कसीद्याचा तोच थाटाचा साचा उलटा वापरला. त्याच्या सर्वांत गाजलेल्या कसीद्यात प्रत्येक शेराच्या (दोन ओळींच्या) शेवटी एकच रदीफ, म्हणजे तेच ते पालुपद, येतो: तुमचंही सरेल. सिंहांची डरकाळी या मुलखातून निघून गेली, तुमच्या कुत्र्यांचं भुंकणंही सरेल. घोडेस्वारांची धूळ खाली बसली, तुमच्या गाढवांच्या खुरांची धूळही सरेल. पुढे मुक्कामाच्या सराईमध्ये उतरलेला काफिला येतो, कळपावर नेमलेला लांडग्याच्या वृत्तीचा मेंढपाळ येतो. गझल वाचणाऱ्या मराठी माणसाला रदीफाची ताकद वेगळी सांगायला नको. इथे तर तो घणासारखा पडत राहतो.

जग नश्वर आहे, हे सूफींचं जुनंच सांगणं. शतकानुशतकं ते साधकाला ऐकवलं गेलं. फर्गानीनं ते थेट सिंहासनाला ऐकवलं, आणि माझ्या मते खरा प्रतिकार इथे आहे.

सगळेच सूफी असे नव्हते. अनातोलियातल्या कोन्यात रूमीच्या भेटीला येणारा मुईनुद्दीन परवाना मंगोलांच्या वतीनेच कारभार पाहत होता. पण तातारांशी (मंगोलांशी) हातमिळवणी करून शाम आणि मिसरच्या (सीरिया आणि इजिप्तच्या) लोकांच्या नाशाला तू मदत करतोस, हे रूमीनं त्याला ऐकवल्याची नोंद ‘फीही मा फीही’ या रूमीच्या प्रवचनसंग्रहात आहे. याच परवान्याला १२७७ मध्ये मंगोलांनी ठार केलं.

१२९५ मध्ये इराणचा मंगोल राजा गाझानखान मुसलमान झाला आणि परकेपणाची धार थोडी बोथट झाली. जुलूम आणि करांचा जाच मात्र लगेच संपला नाही. १३३५ मध्ये इल्खान (इराणच्या मंगोल राजांचा किताब) अबू सईद वारस न ठेवता मेला आणि राज्याची शकलं झाली. त्यानंतर ईशान्य इराणमधल्या खुरासानात, सब्जवारला, सरबदार नावाच्या बंडखोरांनी उठाव करून स्वतःचं राज्य उभं केलं. त्यांच्या नेत्यांमध्ये शेख हसन जूरी हा सूफी होता, आणि त्याचे मुरीद (शिष्य) हत्यारं घेऊन लढत होते.