एड्स क्विल्ट : तीन बाय सहा फुटांमागची पार्श्वभूमी

बायकांनी एकत्र बसून गोधडी शिवायची, तिच्या तुकड्यांवर आपापली नावं घालायची आणि गाव सोडून निघालेल्या कुटुंबाला आठवण म्हणून द्यायची, ही अमेरिकेतली पद्धत एकोणिसाव्या शतकातली. एड्स क्विल्ट म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या नावांचे कापडी तुकडे जोडून केलेली प्रचंड गोधडी, आणि तिचं मूळ तिथपर्यंत नेता येतं. पण या क्विल्टला आजचं रूप आलं ते 1985 ते 1996 या काळात.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोची. नोव्हेंबर 1985 मधल्या मेणबत्ती मोर्चात लोकांनी एड्सने गेलेल्या आपल्या माणसांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून आणली आणि शेवटी ती केंद्र सरकारच्या इमारतीच्या भिंतीवर चिकटवली. आयोजकांपैकी एकाला त्या भिंतीत ठिगळांची गोधडी दिसली. पुढच्या वर्षी त्याने मित्राच्या नावाचं पहिलं पॅनल, म्हणजे गोधडीचा एक तुकडा, केलं. 1987 मध्ये एका रिकाम्या दुकानात शिलाई मशिनं मांडली गेली, आणि 11 ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर 1,920 पॅनल अंथरली गेली.

पॅनलचं माप तीन बाय सहा फूट, मुद्दाम कबरीएवढं. त्या काळी कितीतरी जणांचे अंत्यविधी धड होत नव्हते. मृतदेह हाताळायला नकार मिळे, घरचे मृत्यूचं कारण लपवत, आणि वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या जोडीदाराला अंत्ययात्रेतही जागा नसे. अशा माणसाला जमिनीवर स्वतःची तेवढी जागा मिळावी, एवढा साधा हिशोब त्या मापामागे होता. आठ पॅनल जोडून बारा फुटी चौरस होतो आणि त्याच्या काठाला कॅनव्हासची पट्टी येते. प्रदर्शनाच्या पहाटे पांढऱ्या कपड्यातले स्वयंसेवक कमळासारखी घातलेली घडी गोल उभे राहून उलगडतात, आणि त्याच वेळी ध्वनिक्षेपकावरून नावं वाचली जातात.

कोणीही कोणासाठीही पॅनल करावं, निवड होणार नाही, असं ठरलं होतं. त्यामुळे जीन्स, लेदर जॅकेट, टेडी बेअर, पत्रं, अगदी अस्थींची राखसुद्धा कापडावर आली. कुठे सुबक भरतकाम, कुठे गोंदाने चिकटवलेली वाकडी अक्षरं. स्वतःची समलैंगिकता आणि आजार शेवटपर्यंत नाकारणाऱ्या एका बदनाम वकिलाच्या पॅनलवर त्याच्या नावाभोवती तीनच शब्द आहेत : दांडगा, भेकड, बळी. तेही क्विल्टमध्ये आहे आणि ते असायलाच हवं.

वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. ऑक्टोबर 1988 मध्ये व्हाइट हाऊससमोर 8,288 पॅनल मांडली गेली, तेव्हा एड्सविरोधी चळवळीतल्याच लोकांनी विचारलं, हा शोक कोणासाठी? सरकार औषधांवर दिरंगाई करतंय, माणसं मरतायत, आणि आपण सुंदर कापड अंथरून रडतोय. क्विल्टच्या नावात समलैंगिकांचा उल्लेख नाही, आयोजक त्याला राजकारणापलीकडचं स्मारक म्हणतात, हेही त्यांना खुपत होतं. 1992 मध्ये मॉलवर क्विल्ट अंथरलेलं असताना त्याच दिवशी दुसरा मोर्चा निघाला. त्यातल्या लोकांनी आपल्या जिवलगांची राख आणली होती आणि ती त्यांनी कुंपणावरून व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर फेकली.

हा आक्षेप हलका नव्हता, आणि राजकारणापलीकडचं असल्याचा दावा तेव्हाही पोकळच होता. पण शोकाने संताप बोथट होतो, हे पटत नाही. लहान गावातली आई मुलाचं नाव आडनावासकट कापडावर शिवून राजधानीत आणते, तेव्हा तिने गावासमोर जे कबूल केलेलं असतं ते कोणत्याही घोषणेहून कमी नसतं. ‘बळींची संख्या’ म्हणून वाचलेला आकडा चालत ओलांडायला किती वेळ लागतो, हे लोकांना तिथे पायांनी कळलं. त्या राखेच्या मोर्चाची गरज होती आणि या कापडाचीही.

ऑक्टोबर 1996 मध्ये क्विल्टने सगळा मॉल व्यापला आणि पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष पहिल्यांदाच ते पाहायला आला. ते शेवटचं संपूर्ण प्रदर्शन. त्याच सुमारास एचआयव्हीवर अनेक औषधं एकत्र देण्याचे उपचार आले, अमेरिकेतले मृत्यू झपाट्याने घटले आणि लोकांचं लक्षही. 2001 मध्ये क्विल्ट अटलांटाला हलवलं गेलं, त्यानंतर कल्पनेचा जनक आणि क्विल्ट सांभाळणारी संस्था यांच्यातला वाद कोर्टात गेला, आणि 2020 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात परतलं. आता सुमारे 50,000 पॅनल, 1,10,000 हून अधिक नावं आणि 54 टन वजन. 1 डिसेंबर 2024 रोजी त्यातले काही भाग व्हाइट हाऊसच्या दक्षिणेकडच्या हिरवळीवर पहिल्यांदा मांडले गेले.

पॅनल अजूनही येतात. अमेरिकेतल्या नव्या एचआयव्ही संसर्गांपैकी जवळपास निम्मे दक्षिणेकडच्या राज्यांत होतात, आणि कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंच्या मानाने त्यांची पॅनल फारच थोडी आहेत. 2022 मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सनमधून सुरू झालेला शिवणकामाचा उपक्रम याच कारणासाठी आहे.