सिएटल स्टॉर्म : सुरुवातीची वर्षे (२०००–२००४)

सिएटल स्टॉर्म हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिएटल शहराचा महिला व्यावसायिक बास्केटबॉल संघ. डब्ल्यूएनबीए या लीगमध्ये तो २००० साली विस्तार संघ म्हणून, म्हणजे लीग वाढवताना नव्याने घेतलेला संघ म्हणून दाखल झाला. पहिल्या हंगामात ३२ सामन्यांपैकी ६ जिंकून हा संघ लीगमध्ये तळाला राहिला आणि पाचव्या हंगामात विजेता ठरला. लॉरेन जॅक्सन आणि स्यू बर्ड या दोन मोठ्या खेळाडू मिळाल्या म्हणून संघ जिंकला, असे या वाटचालीबद्दल सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. बाकीचे अर्धे श्रेय बंद पडलेल्या संघांतून आलेल्या खेळाडूंना जाते.

पार्श्वभूमी. डब्ल्यूएनबीए १९९७ मध्ये ८ संघांनिशी सुरू झाली. १९९८ आणि १९९९ मध्ये दोन-दोन संघ वाढले. २००० मध्ये इंडियाना फीव्हर, मायामी सोल, पोर्टलंड फायर आणि सिएटल स्टॉर्म असे चार संघ एकदम आले आणि संघसंख्या १६ झाली. एका वर्षात चार संघ घेतले की तेवढ्याच खेळाडूंची वाटणी जास्त ठिकाणी होते. या चौघांच्या पहिल्या हंगामाकडे पाहताना हे विसरता येत नाही.

सिएटलला महिलांचे व्यावसायिक बास्केटबॉल नवीन नव्हते. एबीएल या प्रतिस्पर्धी लीगमधला सिएटल रेन हा संघ १९९६ पासून इथे खेळत होता. एबीएलचे सामने बास्केटबॉलच्या नेहमीच्या मोसमात, म्हणजे हिवाळ्यात होत, तर डब्ल्यूएनबीएचे उन्हाळ्यात. डब्ल्यूएनबीएच्या पाठीशी पुरुषांच्या एनबीएचा पैसा, मैदाने आणि दूरचित्रवाणीचे करार होते, एबीएलपाशी त्यातले काहीच नव्हते. २२ डिसेंबर १९९८ रोजी हंगाम अर्ध्यावर असतानाच एबीएलने गाशा गुंडाळला. रेन गेला, पण त्याचा प्रेक्षक शहरातच राहिला. रेनचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कॅरन ब्रायंट पुढे स्टॉर्मच्या कारभारात आल्या. त्यामुळे नव्या संघाला तिकीट घेणारी माणसे अगदी शून्यापासून शोधावी लागली नाहीत.

संघ चालवण्याचे हक्क सिएटल सुपरसॉनिक्स या एनबीए संघाच्या मालकांकडे, म्हणजे ॲकर्ली ग्रुपकडे होते. त्यामुळे सामने सॉनिक्सच्याच की-अरीना या बंदिस्त मैदानावर होत. स्टॉर्म हे नाव शहराच्या पावसाळी हवेवरून घेतले. शुभंकराचे नावही हवामानखात्यातलेच, डॉप्लर. त्याच्या डोक्यावर वाऱ्याचा वेग मोजणारे वाट्यांचे यंत्र बसवलेले असते.

संघाची जुळवाजुळव. विस्तार संघाकडे खेळाडू तीन वाटांनी येतात. पहिली वाट विस्तार-ड्राफ्टची. जुने संघ आपले ठराविक खेळाडू राखून ठेवतात आणि उरलेल्यांतून नवे संघ आळीपाळीने निवड करतात. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हा ड्राफ्ट झाला. कुठलाही शहाणा प्रशिक्षक आपले पहिले पाच मोकळे सोडत नाही. त्यामुळे यादीत उरतात त्या बाकावर बसणाऱ्या, वय झालेल्या, दुखापतीतून सावरणाऱ्या किंवा परदेशी लीगमध्ये अडकलेल्या खेळाडू. सिएटलला यातून मिळालेली सर्वांत उपयोगी खेळाडू म्हणजे फीनिक्सकडून आलेली गार्ड (बास्केटपासून दूर राहून चेंडू हाताळणारी खेळाडू) एडना कॅम्बेल. पहिल्या हंगामात संघातर्फे गुणांची सर्वाधिक सरासरी तिचीच होती.

दुसरी वाट वार्षिक ड्राफ्टची, म्हणजे लीगमध्ये नव्याने येणाऱ्या खेळाडूंतून संघांनी पाळीपाळीने करायच्या निवडीची. इथे नव्या संघांना पहिल्या क्रमांकाचा मान मिळाला नाही. २००० मधली पहिली निवड क्लीव्हलंडची होती, सिएटलची पाळी नवव्या क्रमांकावर आली. त्यांनी चेक प्रजासत्ताकाची कामिला वोदिच्कोवा ही उंच फॉरवर्ड-सेंटर (बास्केटजवळ खेळणारी खेळाडू) घेतली आणि ती निवड चांगलीच फळाला आली. तिसरी वाट मोकळ्या खेळाडूंची. त्यांना सराव शिबिरात बोलावून पारखतात आणि जमले तर करार देतात. जमैकाची सेंटर सिमोन एडवर्ड्स पहिल्याच हंगामात संघात आली. पुढे प्रेक्षकांच्या सर्वांत लाडक्या खेळाडूंत तिची गणना झाली.

पहिला हंगाम : ६ विजय, २६ पराभव. मुख्य प्रशिक्षक आणि सरव्यवस्थापक ही दोन्ही पदे लिन डन यांच्याकडे होती. विद्यापीठ पातळीवरचा दीर्घ अनुभव आणि एबीएलमध्ये पोर्टलंड पॉवरचे प्रशिक्षकपद ही त्यांची शिदोरी. त्यांचा भर बचावावर होता आणि अशा संघासाठी ते शहाणपणाचेच होते. बचावातली शिस्त काही आठवड्यांत अंगवळणी पाडता येते, आक्रमणातली समज मात्र एकत्र खेळूनच येते.

नेमका घोळ आक्रमणात झाला. सामन्यामागे गुणांची सरासरी साठच्याही खाली राहिली. त्या काळी सामना २० मिनिटांच्या दोन डावांत होई आणि चेंडू हाती आल्यापासून ३० सेकंदांत फेक करावी लागे. स्वतःच्या बळावर गुण काढणारी खेळाडू संघात नसेल, तर प्रतिस्पर्धी बचावपटू बाहेरच्या खेळाडूंना सोडून बास्केटखाली गर्दी करतात. आत पास जात नाही, चेंडू बाहेरच्या बाहेर फिरत राहतो आणि घड्याळात पाच-सहा सेकंद उरली की कुणीतरी अवघड जागेवरून फेक करते. ती हुकली की समोरच्यांना जलद हल्ल्याची संधी मिळते. एकेकीची उणीव अशी साऱ्या संघाच्या पराभवात उतरते. दुसरे कारण वेळेचे. अनेक खेळाडू युरोपातले हंगाम संपवून थेट शिबिरात येत. कोणाला चेंडू कुठे हवा असतो हे कळेपर्यंत ३२ सामन्यांचा छोटा हंगाम निम्मा सरलेला असे.

लॉरेन जॅक्सन (२००१). सर्वांत वाईट कामगिरीमुळे २००१ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड सिएटलला मिळाली. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ऑल्बरी शहरातली १९ वर्षांची लॉरेन जॅक्सन घेतली. तिचे आई-वडील दोघेही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघांतून खेळलेले, आणि ती स्वतः २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवून आलेली. उंची १९६ सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या खेळाडूने बास्केटखाली उभे राहावे हा तेव्हाचा रिवाज होता. जॅक्सन मात्र तीन गुणांच्या रेषेबाहेरूनही सहज फेक करी. पहिल्या हंगामात तिची सरासरी १५.२ गुणांची होती, तरी संघाचा हिशेब १० विजय आणि २२ पराभव असाच राहिला. तिच्यापर्यंत वेळेवर चेंडू पोहोचवणारी खेळाडूच संघात नव्हती.

स्यू बर्ड (२००२). पुढच्या वर्षी ड्राफ्टच्या सोडतीत सिएटलला पुन्हा पहिला क्रमांक लागला. कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ त्या वर्षी ३९ पैकी ३९ सामने जिंकला होता. त्याच संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ रचणारी खेळाडू, स्यू बर्ड सिएटलने घेतली.

या दोघींची जोडी कशी चाले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बर्ड अर्ध्या मैदानाच्या मध्यभागी चेंडू टप्पे देत आणी. जॅक्सन वर येऊन बर्डच्या बचावपटूच्या वाटेत स्क्रीन लावून, म्हणजे अंगाचा अडसर करून उभी राही. बर्ड तिच्या खांद्याला खांदा घासून निघाली की बचावपटू अडकून मागे राही आणि जॅक्सनवर नेमलेल्या उंच बचावपटूला निर्णय घ्यावा लागे. तिने बर्डला अडवले, तर जॅक्सन बास्केटकडे न वळता दोन पावले मागे सरकून तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळी उभी असे. ही रेषा तेव्हा ६.०२ मीटरवर होती. ती जॅक्सनलाच चिकटून राहिली, तर बर्डला आत शिरून फेकायला वाट मोकळी. मदतीला तिसरी बचावपटू आली, तर कोपऱ्यातली खेळाडू सुटे. बर्डचे खरे कसब पास देण्याच्या घाईत नव्हते, थांबण्यात होते. बचावपटूचे वजन एका पायावर गेल्याचे दिसेपर्यंत ती चेंडू हातचा सोडत नसे.

त्या हंगामात बर्डने सामन्याला सरासरी १४.४ गुण आणि ६ असिस्ट (थेट गुण मिळवून देणारे पास) केले. संघ १७ सामने जिंकून १५ हरला आणि प्रथमच बाद फेरीत गेला. तिथे लॉस एंजेलिस स्पार्क्सने त्यांना २–० असे हरवले. हंगामानंतर डन पायउतार झाल्या. पाया त्यांनी घातला होता, हे नोंदवायलाच हवे.

मालकी आणि बंद पडलेली भावंडे. २००१ मध्ये हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील गटाने सॉनिक्स विकत घेतला आणि स्टॉर्मचा कारभारही त्यांच्याकडे गेला. २००२ पर्यंत सगळ्या संघांची मालकी लीगकडेच एकत्र होती, स्थानिक एनबीए संघ ते फक्त चालवत. त्या वर्षअखेरीस पद्धत बदलली. चालवणाऱ्याने संघ स्वतःच्या मालकीचा करून तोटा सोसायचा, नाहीतर दुसरा मालक शोधायचा. सिएटलमध्ये संघ टिकला. मायामी आणि पोर्टलंडला कुणी वाली मिळाला नाही आणि तीन हंगामांनंतर ते दोन्ही संघ बंद झाले. २००० मध्ये आलेल्या चौघांपैकी निम्मे असे संपले. पोर्टलंडचा पहिला हंगाम सिएटलपेक्षा चांगला गेला होता, आणि २००१ मधली सर्वोत्तम नवोदित, जॅकी स्टाइल्स, पोर्टलंडचीच होती. संघ तगतो की बुडतो हे गुणतक्त्यापेक्षा मालकाच्या इच्छेवर जास्त ठरते.

ॲन डॉनोव्हन (२००३). नव्या प्रशिक्षक ॲन डॉनोव्हन स्वतः उत्तम सेंटर होत्या आणि २००१ मध्ये त्यांनी शार्लट स्टिंगला अंतिम फेरीपर्यंत नेले होते. २००३ मध्ये जॅक्सन २१.२ गुणांच्या सरासरीसह लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळत होता. एवढे असूनही संघ बाद फेरीत गेला नाही. १८ विजय, १६ पराभव. मिनेसोटाचा हिशेबही तोच होता, पण चौथे स्थान त्यांना मिळाले. बर्ड दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळत होती. दोन मोठ्या खेळाडूंवर सगळी भिस्त असली की एकीच्या दुखापतीने हंगाम हातचा जातो, हे त्या वर्षी पुरते कळले.

उरलेल्यांतून उभा राहिलेला संघ (२००४). बंद पडलेल्या संघाच्या खेळाडूंची फेरवाटणी करण्यासाठी लीग वेगळा ड्राफ्ट घेते. क्लीव्हलंड रॉकर्स २००३ च्या अखेरीस बंद पडला आणि २००४ च्या जानेवारीत त्याच्या खेळाडूंचे वाटप झाले. त्यातून सिएटलने बेटी लेनॉक्स घेतली. २००० मध्ये मिनेसोटाकडून खेळताना ती सर्वोत्तम नवोदित ठरली होती. त्यानंतर मायामी, मग क्लीव्हलंड, आणि हे दोन्ही संघ तिच्या डोळ्यांदेखत बंद झालेले. मायामीचीच आणखी एक माजी खेळाडू, फॉरवर्ड शेरी सॅम, उंच सेंटर जॅनेल बर्ससह मिनेसोटाकडून अदलाबदलीत आली. चिवट बचाव करणारी ऑस्ट्रेलियन गार्ड टली बेव्हिलाक्वा ही पूर्वी पोर्टलंड फायरकडून खेळलेली. २००० पासूनच्या एडवर्ड्स आणि वोदिच्कोवा संघात होत्याच. आता जॅक्सनवर दोघी धावून गेल्या तर चेंडू लेनॉक्सकडे जाई आणि ती बेधडक फेक करी. पहिल्या हंगामातली नेमकी उणीव अशी भरून निघाली.

अथेन्स ऑलिंपिकसाठी तो हंगाम मधे थांबला होता. स्टॉर्मने २० सामने जिंकले, १४ गमावले. बाद फेरीत मिनेसोटाला २–० असे हरवताना बर्डचे नाक मोडले. ती मुखवटा लावून पुढे खेळली. सॅक्रॅमेंटोला २–१ असे नमवून संघ अंतिम फेरीत पोहोचला. समोर कनेक्टिकट सन होता, म्हणजे १९९९ चा विस्तार संघ ऑरलँडो मिरॅकल, जो २००३ मध्ये तिकडे हलला होता.

तीन सामन्यांच्या त्या मालिकेतला पहिला सामना कनेक्टिकटने ६८–६४ असा घेतला. दुसरा सिएटलमध्ये झाला. कनेक्टिकटच्या निकेशा सेल्सने एकटीने ३२ गुण काढले, लेनॉक्सने २७. शेवटच्या क्षणी सेल्सची फेक हुकली आणि सिएटल ६७–६५ असे वाचले. १२ ऑक्टोबर २००४ रोजी की-अरीनाच्या सर्व १७,०७२ खुर्च्या भरल्या होत्या. स्टॉर्मने ७४–६० असा विजय मिळवला. लेनॉक्सने २३ गुण केले आणि अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू जॅक्सन किंवा बर्ड नव्हे, तर ती ठरली. डब्ल्यूएनबीएचे विजेतेपद मिळवणाऱ्या डॉनोव्हन या पहिल्या महिला प्रशिक्षक. १९७९ मध्ये सॉनिक्स जिंकल्यानंतर शहराला मिळालेले हे पहिले मोठे व्यावसायिक विजेतेपद होते.

नंतर. २००६ मध्ये सॉनिक्स आणि स्टॉर्म हे दोन्ही संघ ओक्लाहोमाच्या गटाने विकत घेतले आणि संघ शहर सोडणार अशी धास्ती निर्माण झाली. २००८ च्या सुरुवातीला सिएटलमधल्या चार महिलांच्या गटाने १ कोटी डॉलर देऊन स्टॉर्म स्वतंत्र केला. सॉनिक्स त्याच वर्षी गेला, स्टॉर्म राहिला. पुढे २०१०, २०१८ आणि २०२० मध्येही तो विजेता झाला. जॅक्सनचा १५ आणि बर्डचा १० हे क्रमांक संघाने कायमचे राखून ठेवले आहेत. २००० च्या चौघांपैकी टिकलेला दुसरा संघ म्हणजे इंडियाना फीव्हर. त्याने २०१२ मध्ये पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याच्या प्रशिक्षक लिन डन होत्या.